यकृताला झाडाचे गोत्र कळत नाही

आफ्रिकन पोटॅटो हा बटाटा नव्हे. आपल्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या काळ्या मुसळीच्या कुळातली ही वनस्पती. पट्ट्यासारखी लांब पाने, चांदणीसारखी पिवळी फुले आणि जमिनीखाली एक जाडजूड कंद, बाहेरून काळपट, कापला की आतून पिवळा. शास्त्रज्ञ तिला हायपॉक्सिस हेमेरोकॅलिडिया म्हणतात, झुलू लोक इंकोम्फे म्हणतात. बटाटा हे नाव तिला कोणी चिकटवले देव जाणे! पण त्या नावाने ती जगभर गाजली, आणि गाजली ती एका भयंकर कारणासाठी.

या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत एड्सने माणसे अक्षरशः किड्यामुंग्यांसारखी मरत होती. एचआयव्हीला रोखणारी औषधे जगात उपलब्ध झाली होती. पण तिथले राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो याबद्दलच शंका होती, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री मांटो शबालाला-म्सिमांग त्या औषधांच्या विषारीपणावर बोट ठेवून लसूण, बीट, लिंबू आणि आफ्रिकन पोटॅटो यांचे गुणगान करीत होत्या. २००६ साली टोरोंटोच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दालनात या भाज्या मांडून ठेवल्या होत्या. जगभरचे डॉक्टर ते पाहून थक्क झाले. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्यामुळे त्या देशात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले.

एवढे झाल्यावर त्या बिचाऱ्या कंदाची गत काय झाली असेल? अर्ध्या जगाने त्याला थोतांड ठरवले, आणि उरलेल्या अर्ध्याने ‘गोऱ्यांच्या औषधकंपन्यांना पुरून उरणारे आमचे औषध’ म्हणून डोक्यावर घेतले. तो कंद माणसाच्या पोटात गेल्यावर नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना फारसा पडला नाही. आज लिहायचे आहे ते या प्रश्नाबद्दल.

गोव्यात बसून आफ्रिकेतल्या कंदाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. एक तर आफ्रिका आपल्याला परकी नाही. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकलेले कितीतरी गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगिजांच्या चाकरीत मोझांबिक आणि अंगोलात गेले. नैरोबी, दार-ए-सलाम, लॉरेन्सु मार्किस ही नावे आपल्या कित्येक घरांतल्या जुन्या पत्रांवर आहेत. आमच्या वाड्यावर मोझांबिकहून परतलेले एक गृहस्थ होते. तिथल्या ‘कुरांदैरु’च्या, म्हणजे झाडपाल्याच्या वैदूच्या, गोष्टी ते रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “अरे, आमचो वैज आनी तांचो कुरांदैरु, दोगांयची पिशवी एकूच!” दक्षिण आफ्रिकेतही तसेच. तिथे झाडपाल्याचे औषध देणारा तो इन्यांगा, आणि पूर्वजांशी बोलून कौल देणारा तो सांगोमा. म्हणजे आपला वैज आणि आपला घाडी म्हणा ना. दुसरे कारण अधिक जवळचे आहे, त्याकडे पुढे येतो.

आता यकृत. मी डॉक्टर नव्हे, पण ही गोष्ट समजून घ्यायला डॉक्टर असण्याची गरज नाही. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी ते खरवडावे लागते, मग राख किंवा साबण लावावा लागतो, तेव्हा कुठे पाणी त्याच्यावर चालते. आपण घेतो ती पुष्कळशी औषधे अशीच तेलकट स्वभावाची असतात. मूत्रपिंडाला ती थेट बाहेर टाकता येत नाहीत. यकृत ती आधी खरवडते, मग त्यांना पाण्यात विरघळणारी एखादी शेपटी जोडते, आणि मग ती लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतात. खरवडण्याचे काम मुख्यतः ज्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, त्या घराण्याचे नाव सायटोक्रोम पी-४५०. नाव जरा अवजड आहे, पण त्यामागची गोष्ट साधी आहे. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेले की हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून हा आकडा. या घराण्यातला सर्वांत कामसू भाऊ म्हणजे सीवायपी३ए४. आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास निम्मी या एकट्याच्या हाताखालून जातात.

जीएसटी येण्यापूर्वीचा पत्रादेवीचा नाका आठवा. ट्रक येताहेत, कागद तपासले जाताहेत, एकेक ट्रक पुढे सुटतो आहे. समजा, नाक्यावरच्या कारकुनाला कोणीतरी गप्पांत गुंतवले. ट्रकांची रांग बांद्यापर्यंत जाणार. औषधाच्या बाबतीत रांग लागणे म्हणजे ते रक्तात साचणे. डोस तोच, पण अंगात दुप्पट, कधी तिप्पट, आणि मग विषबाधा. आता उलट समजा. नाक्यावर एकाऐवजी पाच कारकून नेमले. ट्रक आला की सुटला. म्हणजे औषध रक्तात टिकायच्या आतच बाहेर पडले, रोग्याने गोळी घेऊन न घेतल्यासारखे झाले. पहिल्या प्रकाराला विकराचा अवरोध म्हणतात, दुसऱ्याला विकराची उत्तेजना. एचआयव्हीच्या बाबतीत दुसरा प्रकार अधिक घातक, कारण औषध कमी पडले की विषाणू मरत तर नाहीच, वर त्या औषधाला पचवायला शिकतो.

हे सगळे एखादे झाड किंवा फळ करू शकते, हे कळले तेही अपघाताने. कॅनडातले संशोधक १९८९ च्या सुमारास रक्तदाबाचे फेलोडिपीन हे औषध आणि दारू यांचा एकत्र परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. पाहतात तो औषधाचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढलेले! गुन्हेगार दारू नव्हती, रस होता. चतुर्थीच्या माटोळीला आपण जे पपनस बांधतो, त्याचा आणि संत्र्याचा संकर म्हणजे ग्रेपफ्रूट. त्यातली काही द्रव्ये आतड्याच्या अस्तरातले सीवायपी३ए४ निकामी करतात. तेव्हापासून औषधांच्या चिठ्ठीवर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ ही सूचना आली.

आता परत आपल्या कंदाकडे. २००५ साली कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने ‘एड्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापला. एचआयव्हीचे रोगी सर्रास घेत असलेल्या दोन वनस्पती त्यांनी परीक्षानळीत तपासल्या होत्या. एक हा आफ्रिकन पोटॅटो, आणि दुसरी सदरलँडिया. ही लाल फुलांची एक झुडूपवजा वनस्पती, केप भागात ‘कान्करबॉस’, म्हणजे कर्करोगाचे झुडूप, म्हणून ओळखली जाणारी. दोन्हींचे अर्क सीवायपी३ए४ ला चांगलेच अडवत होते. शिवाय पेशीतली एक कळ दाबून पुढे याच विकराचे उत्पादन वाढवण्याची लक्षणेही दिसली. म्हणजे आधी कारकून गप्पांत, आणि मग नवी भरती! निष्कर्ष धोक्याचा होता, आणि वेळही तशीच होती. दक्षिण आफ्रिकेत सरकारी दवाखान्यांतून औषधे मिळायला नुकती २००४ मध्ये सुरुवात झाली होती. ज्यांच्या हातात काल फक्त कंद होता, त्यांच्या हातात आज कंद आणि गोळी दोन्ही होती.

इथवरची गोष्ट पुष्कळ लेखांत येते, आणि तिथेच संपते. ‘संशोधनाने सिद्ध केले, गावठी औषधे घातक’ असा मथळा देऊन मोकळे. मला खरी गोडी वाटते ती त्यापुढच्या गोष्टीत.

परीक्षानळीत अर्क थेट विकरावर ओतला जातो. माणसाच्या पोटात तसे होत नाही. कंदातले हायपॉक्सोसाइड नावाचे द्रव्य जसेच्या तसे रक्तात पोचतच नाही. आतड्यातले जीवाणू आधी त्याचे दुसरेच काहीतरी बनवतात, आणि तेही बरेचसे वाटेतच बांधले जाऊन निकामी होते. म्हणून परीक्षानळीने दिलेला कौल हा फक्त संशय असतो. निकाल माणसाच्या रक्तात लागतो. ज्यांनी २००५ मध्ये धोक्याची घंटा वाजवली, त्यांच्यातलेच काही जण पुढच्या अभ्यासात होते. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना कंद देऊन एफाविरेन्झ या औषधाचे रक्तातले प्रमाण मोजले. २००८ मध्ये निकाल छापला, की लक्षणीय फरक नाही. २०१३ मध्ये झिंबाब्वेतल्या संशोधकाच्या पुढाकाराने लोपिनाविर आणि रिटोनाविर या जोडगोळीबरोबर तोच प्रश्न विचारला गेला. उत्तर तेच, फरक नाही. म्हणजे या दोन औषधोपचारांपुरता तरी आफ्रिकन पोटॅटो निर्दोष सुटला. (त्याने एड्स बरा होतो असा याचा अर्थ अजिबात नव्हे. तो गोळीच्या आड येत नाही, एवढाच.)

सदरलँडियाचे तसे झाले नाही. स्वयंसेवकांना ते दिल्यावर अटाझानाविर या औषधाचे रक्तातले प्रमाण घटलेले आढळले. हाही निष्कर्ष २०१३ मधलाच. मग क्वाझुलू-नाताळमध्ये एचआयव्हीबाधित पण अजून औषधे सुरू न झालेल्या प्रौढांवर रीतसर चाचणी झाली. कोणाला खरे औषध, कोणाला खोटी गोळी, हे ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला. २०१५ मध्ये निकाल आला. विषाणूंच्या संख्येत फरक नाही, रोगप्रतिकारक पेशींतही नाही. मात्र सदरलँडिया घेणाऱ्यांचे संसर्गाने आजारी असण्याचे दिवस अधिक भरले, आणि ते मुख्यतः दोन रोग्यांमुळे. त्या दोघांना क्षय झाला होता, आणि दोघेही क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिड घेत होते. दोन माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण ही वनस्पती त्या गोळीच्या कामात ढवळाढवळ करते की काय, ही शंका संशोधकांनी लपवली नाही.

आणि लसूण? आरोग्यमंत्रीणबाईंच्या यादीतली पहिली मानकरी. तिचा निकाल तर त्या टोरोंटोच्या दालनाच्या कितीतरी आधी लागला होता. अमेरिकेत स्वयंसेवकांना तीन आठवडे लसणीच्या गोळ्या देऊन साक्विनाविर या एचआयव्हीच्या तेव्हाच्या औषधाचे प्रमाण मोजले, तर ते जवळपास निम्म्यावर आले. लसूण बंद करून दहा दिवस गेले तरी ते पूर्ववत झाले नाही. डाळीच्या फोडणीतल्या दोन पाकळ्यांबद्दल हे नाही, घट्ट अर्काच्या गोळ्यांबद्दल आहे. पण नशिबाचा खेळ पाहा. ज्या विलायती वाटणाऱ्या लसणीवर कोणी संशय घेतला नाही ती औषधाला खाऊन बसली, आणि ज्याची जगाने टर उडवली तो काळा कंद निरपराध निघाला!

यात मला दिसते ते असे, की यकृताला झाडाचे गोत्र कळत नाही. ते झाड आफ्रिकेचे की हिमालयाचे, आजीने दिलेले की कंपनीने बाटलीत भरलेले, वेदांत सांगितलेले की कालपरवा शोधलेले, याची त्याच्याकडे नोंद नसते. त्याच्याकडे रेणू येतो, आणि तो रेणू विकरात बसतो किंवा बसत नाही. म्हणून ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य जितके पोकळ, तितकेच ‘गावठी आहे, घातकच असणार’ हेही पोकळ. दोन्ही वाक्ये न मोजता बोललेली.

आता ते जवळचे कारण. आपला शेवगा, म्हणजे मशिंग. मूळचे भारतातले हे झाड आज आफ्रिकेत घराघरांत आहे. झिंबाब्वेत एचआयव्हीचे रोगी त्याच्या पाल्याची पूड ताकद यावी म्हणून अन्नात घालून खातात. तळकोकणात गोकुळाष्टमीला ज्या पाल्याची भाजी खाल्ल्याशिवाय सण पुरा होत नाही, तोच हा पाला. हरारेच्या संशोधकांनी २००८ मध्ये परीक्षानळीत दाखवले, की या पाल्याचा अर्क सीवायपी३ए४ ला अडवतो. मग त्यांनी वर्तमानपत्रांकडे धाव घेतली नाही. नेविरापीन घेणाऱ्या रोग्यांनाच काही दिवस पाला बंद आणि मग रोज मोजून पाला, असे करून रक्त तपासले. २०१७ मध्ये छापून आले, की नेविरापीनच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. आपल्या माटवातल्या झाडाबद्दलचा हा प्रश्न विचारला हरारेने, आणि उत्तरही शोधले हरारेने. आपल्याकडे याच पाल्याची पूड आज ‘सुपरफूड’ म्हणून डब्यांत भरून विकली जाते, आणि डब्यावर लिहिलेले असते, ‘लिव्हर डिटॉक्स’.

हा ‘डिटॉक्स’ शब्द मला दाताखाली आलेल्या खड्यासारखा टोचतो. यकृताचे विकर म्हणजे विष काढणारे झाडूवाले, ही समजूतच मुळी अर्धी आहे. तेच विकर निरुपद्रवी पदार्थाचे विष बनवतात. पॅरासिटामॉल घ्या. त्याचा थोडा भाग या पी-४५० घराण्याच्या हाताखालून जाताना घातक द्रव्यात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृत ते द्रव्य आवरते, मात्रा फार झाली की तेच द्रव्य यकृत जाळते. बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन असेच. २००४ मध्ये केनियात अशा मक्याने ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. त्या विषाला धार लावतात ते आपलेच विकर. तेव्हा ‘विकरांना चालना देणारे’ म्हणून विकले जाणारे चूर्ण कशाकशाला चालना देईल याची हमी कोण देणार?

झुलूंच्या औषधांत इम्पिला नावाची एक मुळी आहे. इम्पिला या शब्दाचा अर्थच मुळी आरोग्य. तिच्यात अॅट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष असते. ते पेशीतल्या ऊर्जेच्या देवघेवीचा मार्गच बंद करते. डर्बनच्या डॉक्टरांनी गेल्या शतकापासून लिहून ठेवले आहे, की ही मुळी दिलेली मुले यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन, रक्तातली साखर तळाला जाऊन कशी मेली. नाव आरोग्य, परिणाम मृत्यू. तेव्हा ‘पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, म्हणजे सुरक्षित असणारच’ हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. शंभर जणांना मुळी देणाऱ्या वैदूला बरे झालेले आठवतात. जे मेले ते रोगाने मेले असे धरले जाते. आधुनिक डॉक्टरही मोजमाप नसेल तर हेच करतो, हेही सांगून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ बंदीच घाला. पण विकराला अडवणे हा स्वतःच काही गुन्हा नाही. वर रिटोनाविरचे नाव आले. एचआयव्हीच्या उपचारात त्याची थोडी मात्रा मुद्दाम घालतात ती विषाणू मारायला नव्हे, तर सीवायपी३ए४ ला गप्पांत गुंतवायला, म्हणजे सोबतचे औषध रक्तात अधिक वेळ टिकते. कोविडच्या काळात २०२१ मध्ये आलेल्या पॅक्सलोविडमध्येही हीच युक्ती होती. जे काम झाडाने केले की दोष ठरते, तेच गोळीने केले की गुण ठरते. फरक इतकाच, की गोळीचे मोजलेले आहे. पक्षपात म्हणा हवे तर, पण हा पक्षपात मोजमापाचा आहे.

माणसेही सगळी सारखी नसतात. एफाविरेन्झ खरवडणारे विकर सीवायपी२बी६. आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांत त्याची संथ आवृत्ती आढळते, त्यामुळे ठरवलेला ६०० मिलिग्रॅमचा डोस त्यांच्यापैकी अनेकांना जास्त व्हायचा. चक्कर, भयानक स्वप्ने, भ्रम. झिंबाब्वेचे कोलेन मासिमिरेम्ब्वा यांनी हे विकरभेद अभ्यासायला हरारेत संस्थाच उभी केली. कंद निर्दोष आणि गोळीचा डोसच चुकीचा, असेही असू शकते, हे त्या कामातून दिसले.

आपल्याकडे काय चालते? २०२० च्या शेवटी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काही रोगी असे दिसले, की कोविडच्या भीतीने गुळवेल घेत होते आणि कावीळ होऊन आले. त्यांनी २०२१ मध्ये ते छापले. इथे यंत्रणा वेगळी होती. विकराचा खेळ नव्हे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा प्रकार. आयुष मंत्रालयाने लगेच खुलासा काढला, की वनस्पती नीट ओळखली गेली नाही, दुसरीच तत्सम जात असू शकते. ही हरकत शास्त्रीयदृष्ट्या रास्त होती. पण रास्त हरकतीनंतर पुढची पायरी असते. ती वेल ओळखा, मोजा, पुन्हा तपासा. देशातल्या तेरा केंद्रांतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अधिक रोग्यांचा अभ्यास मांडला, तरी आपली सार्वजनिक चर्चा ‘आयुर्वेदाचा अपमान’ आणि ‘आयुर्वेदाचे पितळ उघडे’ या दोन आरोळ्यांच्या पलीकडे गेली नाही. टोरोंटोच्या दालनाची आठवण होते ती इथे.

मंत्री आणि मथळे एक वेळ सोडून देऊ. खरे नुकसान होते ते दवाखान्याच्या टेबलाच्या दोन बाजूंमध्ये. माझ्या एका मावशीला क्षय झाला. औषधांत रिफाम्पिसिन होते, म्हणजे यकृताच्या विकरांना चालना देणाऱ्या औषधांतला मुकुटमणी. पहिल्याच भेटीत तिने भाबडेपणाने सांगितले, की ती शेजारच्या गावच्या वैजाचा काढाही घेते. डॉक्टर उखडले. “असली पाने-मुळे खायची असतील तर इथे येऊ नका!” मावशीने त्यानंतर तोंड मिटले. काढा चालूच राहिला. दुसऱ्या महिन्यात तिला कावीळ झाली. क्षयाच्या गोळ्यांनीही कावीळ होते, म्हणून गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून पुन्हा सुरू केल्या. उपचार लांबले, वजन घटले, ती कशीबशी वाचली. काढ्याबद्दल तिला पुन्हा विचारले गेले, आणि तिने “नाही” म्हटले. हे तिने मला सांगितले ते बऱ्याच वर्षांनी, तो वैज वारल्यावर. दोष गोळ्यांचा, काढ्याचा की दोघांच्या भांडणाचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. काढ्यात काय होते तेही त्याच्याबरोबर गेले.

दक्षिण आफ्रिकेतल्या लाखो रोग्यांनी हेच केले. दवाखान्यात कंदाबद्दल बोलायचे नाही, इन्यांगाकडे गोळीबद्दल बोलायचे नाही. तिथे २००७ साली पारंपरिक वैद्यांसाठी कायदा झाला, त्यांची नोंदणी करण्याची व्यवस्था कागदावर आली. कायद्याने सगळे साधते असे नाही, पण ज्याची नोंद आहे त्याला फोन करून “बाबा रे, त्यात काय घातलेस?” असे विचारता तरी येते. आपल्या वैजांची मुळे-पाने त्यांच्याबरोबर चितेवर जाताहेत, आणि त्यांच्या जागी आंतरजालावरून मागवलेल्या कॅप्सुली येताहेत. त्यांच्यावर कोणता पत्ता असतो ते वाचून पाहावे!

डॉक्टरांना माझे सांगणे एवढेच, की प्रश्न विचारताना कपाळाला आठी नको. “आणखी काय घेता?” हा प्रश्न आणि “आणखी काही घेत नाही ना?” हा प्रश्न, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रश्नात उत्तर आधीच दिलेले असते. रोग्यांना सांगणे असे, की रक्त पातळ ठेवणारी गोळी, फिटची गोळी, क्षयाची किंवा एचआयव्हीची गोळी, अवयव बदलल्यानंतरची गोळी यांतले काहीही चालू असेल, तर घरातला काढा, चूर्ण, पूड, कॅप्सूल, सगळे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावे. चौकशी करून घ्यावी. रागावले तर रागावू द्यावे, पिशवी मात्र मागे घेऊ नये.

दक्षिण आफ्रिकेत आज जगातला एचआयव्ही उपचारांचा सर्वांत मोठा कार्यक्रम चालतो. २०१९ पासून तिथे डोल्युटेग्राविर हे मुख्य औषध झाले आहे. हे औषध सीवायपी३ए४ च्या हाताखालून फारसे जातच नाही. त्याची मुख्य वाट यूजीटी१ए१ नावाच्या दुसऱ्याच विकरातून जाते, म्हणजे खरवडणाऱ्याऐवजी साबण लावणाऱ्याकडून. रिफाम्पिसिन त्यालाही चाळवते, म्हणून क्षय असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते. शिवाय रिकाम्या पोटी ते कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर आतड्यातच अडकते. म्हणजे एफाविरेन्झ, लोपिनाविर, नेविरापीन यांच्यासाठी शोधलेली सगळी उत्तरे आता जुनी झाली. काळा कंद, लाल फुलांचे झुडूप आणि आपली मशिंग, तिन्ही पुन्हा रांगेत. आणि मशिंगेचा पाला तर लोह-कॅल्शियमसाठीच नावाजलेला.